भयाची साक्ष आणि कथेचे स्वामित्व

भुताचे अस्तित्व ज्याला मान्य नाही त्याने भूत पाहिलेल्या माणसाची कथा लिहावी काय? आणि लिहिलीच, तर तिच्यावर स्वामित्व कोणाचे? माइक फ्लॅनगन यांची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (२०१८) ही नेटफ्लिक्सवरील दहा भागांची मालिका पाहताना हे प्रश्न टाळता येत नाहीत. वरकरणी ती पछाडलेल्या वास्तूची भयकथा आहे. परंतु तिचे आशयसूत्र साक्षीच्या नैतिकतेचे आहे.

क्रेन कुटुंबातील पाच भावंडे बालपणी हिल हाउसमध्ये एक उन्हाळा काढतात. तेथेच त्यांच्या आईचा मृत्यू होतो. थोरला स्टीव्हन पुढे त्या वास्तूवर पुस्तक लिहून कीर्ती आणि पैसा मिळवतो. त्याचा स्वतःचा भुतांवर विश्वास नाही. भावंडांचे अनुभव त्याच्या लेखी घराण्यातील मनोविकाराची लक्षणे आहेत. मात्र वाचकाला भयचकित करण्यासाठी तो तेच अनुभव वापरतो. बहीण शर्ली त्या पैशातील वाटा नाकारते.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. स्टीव्हनचा संशय हा दोष नव्हे; पुराव्यावाचून विश्वास ठेवणे हा काही सद्गुण नाही. परंतु एखाद्याच्या सांगण्यातील वस्तुस्थिती नाकारणे वेगळे आणि ते सांगणेच ऐकण्याजोगे नाही असे ठरवणे वेगळे. धाकट्या नेलला लहानपणापासून मान मोडलेली एक स्त्री दिसते. ते स्वप्न आहे, अशी तिची समजूत घातली जाते. पाचव्या भागात उलगडते, की ती स्त्री म्हणजे मृत्यूनंतरची नेलच. ही केवळ धक्कातंत्राची करामत नाही. भूत खरे की खोटे, या वादात भ्यालेली मुलगी कोणालाच दिसली नाही, हा तिचा अर्थ आहे. भूत खोटे असते तरी भय खरेच होते; आणि भ्यालेल्याजवळ बसण्यासाठी भूत मान्य करावे लागत नाही.

प्रेक्षकही या व्यवहारातून सुटत नाही. अनेक दृश्यांच्या पार्श्वभूमीत दिग्दर्शकाने निश्चल आकृत्या दडवल्या आहेत. पात्रे आपले दुःख बोलत असतात आणि आपण अंधाऱ्या कोपऱ्यांत भूत शोधत राहतो. दुसऱ्याच्या वेदनेतून रंजन वेचण्याचे स्टीव्हनचे काम आपणही करू लागतो.

आणि मालिका स्वतः? ती शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवर आधारलेली आहे. त्या कादंबरीचा प्रसिद्ध प्रारंभ मालिकेत स्टीव्हनच्या पुस्तकातील मजकूर म्हणून ऐकू येतो. एका लेखिकेचे शब्द अश्रद्ध भावाच्या नावे जमा होतात. शेवट तर याहून विचार करायला लावणारा आहे. जॅक्सन यांची एलिनॉर कोठेच सामावू न शकलेली स्त्री आहे. म्हणून त्यांची कादंबरी एकाकीपणावर संपते. मालिका तेच अखेरचे वाक्य बदलून सोबतीचे आश्वासन देते. स्टीव्हनचे मतपरिवर्तन होते, भावंडे एकत्र येतात. पण नेलचे कोणी ऐकले नाही, ही हानी तेवढ्याने भरून निघत नाही.

दुसऱ्याची कथा घेतल्यावाचून साहित्य संभवत नाही, हे खरेच. तथापि घेणाऱ्याने ज्याचे भय घेतले त्याला उत्तरदायी राहावे, आणि निदान त्या भयाचा शेवट आपल्या सोयीसाठी गोड करू नये.