वाचलेलं पाणी कोणाचं?

भुसावळजवळच्या आमच्या मळ्यात आधी ऊस दांडानंच भिजायचा. रात्री लाइट आली की आप्पा फावडं घेऊन पाणी भरायचे. पुढं भवरलाल जैनांच्या जळगावातून ठिबक गावोगाव गेलं, तसं मीही बसवलं. पाणी थेट मुळाशी, खतही त्याच नळीतून. जवळपास निम्मं पाणी वाचलं. मी त्यावर आणखी दोन एकर ऊस लावला.

उन्हाळ्यात शेजारचे नाना बांधावर आले. "पानी वाचलं म्हनतो, मंग माह्या इहिरीत काहून नाही आलं?"

मी गप्प. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. ठिबक पाणी वाचवतं. वाचलेलं कोणासाठी ठेवायचं, ते माणसानं ठरवायचं. ऊस तुटल्यावर ते दोन एकर मी हरभऱ्याला दिले.