अस्त्र आवरण्याचे सामर्थ्य

महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो आणि त्याच्या निवारणार्थ अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. त्या दोन तेजांच्या मध्ये व्यास आणि नारद उभे राहतात. त्यांच्या शब्दास मान देऊन अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्यास ते साधत नाही. अखेर त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर पडते. सोडण्याची विद्या दोघांसही होती, आवरण्याची एकासच होती.

अण्वस्त्रांच्या प्रश्नाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. १९५४ साली पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. १९६३ साली वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला व भारतानेही त्यावर सही केली. तथापि आज जगात सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. आपण अस्त्र आवरल्यावर दुसराही आवरील, याची हमी कोणी द्यावी? सज्जनाचा शब्द पुरेसा नाही काय?

महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे पाहू. तुर्भे येथे कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली सायरस अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. तिचा उपयोग शांततेसाठीच करू, असा शब्द दिलेला होता. तपासनीस मात्र नेमलेला नव्हता. १९७४ साली पोखरणच्या स्फोटास तेथील प्लुटोनियम वापरले गेले. आपल्या सरकारने तो स्फोट शांततामय म्हटला. कॅनडाने तो वचनभंग मानून सहकार्य थांबविले. एका शब्दाचे दोन अर्थ झाले आणि निवाडा करण्यास मध्ये कोणी नव्हते. उलट तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेल्या दोन भट्ट्यांतील इंधनाचा हिशोब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक पाहतात. तेथे शब्दास हिशोबाची जोड आहे.

यावर कोणी म्हणेल, बलाढ्य राष्ट्रांनी आपली अस्त्रे राखावी आणि इतरांची झडती घ्यावी, हा कोठला न्याय? आक्षेप रास्त आहे. व्यास-नारद एकट्या अश्वत्थाम्यापुढे उभे राहिले नव्हते; ते दोघांच्या मध्ये उभे होते. साक्षी सर्वांस सारखाच असला पाहिजे.

वैर संपल्यावाचून विश्वास कसा ठेवावा, असेही विचारले जाते. आम्हां सीमावासीयांस याचे उत्तर परके नाही. बेळगाव-निपाणीचा वाद १९५६ पासून चालू आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तरीही निपाणीच्या बाजारात मराठी आणि कानडी माणूस एकाच काट्यावर तंबाखू तोलतात, कारण काटा दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो. भारत-पाकिस्तानांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ साली केला. १९९२ पासून दर १ जानेवारीस उभय देश आपापल्या केंद्रांची यादी परस्परांस देतात. कारगिलच्या युद्धानंतरही हा क्रम तुटला नाही. वैर उरले, तरी एवढा हिशोब राहिला. निःशस्त्रीकरणाचा आरंभ असल्याच लहान हिशोबांतून होणार आहे.

उत्तरेच्या गर्भातील बालक त्या वैरात कोणाचाच पक्षकार नव्हते. त्यास श्रीकृष्णाने जीवदान दिले. आमच्या नातवंडांसाठी अस्त्र वेळीच आवरणे, एवढे कर्तव्य आमच्याच माथी आहे.