चार कलमे आणि एक आडवी बाटली

महाराष्ट्रात दारू प्यायची तर ती प्रकृतीसाठीच प्यावी लागते. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणाऱ्या परवान्यावर तसे छापलेलेच असते : आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगण्याची आणि पिण्याची मुभा. बारमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात हा कागद असतो, ते मालकाला, गिऱ्हाइकाला आणि दारावरून जाणाऱ्या हवालदारालाही ठाऊक असते. तरी सगळ्यांचे बरे चालते. बिघडते ते एखाद्या रात्री, हवालदाराच्या मनात आले म्हणजे. जो कायदा सगळेच मोडतात, तो कायदा राहत नाही. कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, हे ठरवण्याची मोकळीक तेवढी उरते. आणि त्यात सापडतो तो बहुधा गुत्त्यावरचा मजूर, क्लबातला साहेब नव्हे.

सरकार आपल्या प्रकृतीची काळजी वाहू लागले की स्वातंत्र्याला धोका असतो का, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो 1897 साली पुण्यात बूट घालून थेट स्वयंपाकघरात शिरला. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला होता. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू केल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघायचे, संशयिताला उचलून न्यायचे, घरातले सामान बाहेर काढून जाळायचे. पुढचे आपल्याला पाठ आहे : 22 जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँडवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू.

दोन गोष्टी मात्र या पाठांतरात निसटतात. रोग्याला वेगळे ठेवण्यामागचा हेतू वाईट नव्हता, ही पहिली. त्याच साथीत सावित्रीबाई फुलेही रोग्यांना हडपसरजवळच्या, मुलगा यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच 10 मार्चला त्या गेल्या. रोगी हलवायचा हे दोन्हीकडे सारखेच होते; हात कोणाचा आणि कसा लागतो, यात सगळा फरक होता. दुसरी गोष्ट अशी की, प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले ते 1898 साली. म्हणजे इतक्या खात्रीने माणसांची अंगे चाचपणाऱ्या सरकारला रोग कसा फिरतो, हेच माहीत नव्हते. विज्ञान चुकते आणि सुधारते. बडगा उगारणाऱ्याला तशी सवय नसते.

1897 चा तो साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारने काय करावे, किती दिवस करावे, ज्याचे नुकसान झाले त्याने कोणाकडे जावे, यातले काहीच त्यात नव्हते. चौथे कलम मात्र चोख होते : या कायद्याखाली सद्हेतूने काहीही करणाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही. रँड गेला, इंग्रज गेले, चौथे कलम राहिले. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्राने हाच कायदा बाहेर काढला आणि परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर, निवडणुकीत बोटाला लावतात त्या शाईने, घरी अलग राहण्याचा शिक्का मारला. साथ खरी होती, खबरदारीही हवीच होती. पण टाळेबंदीत बाहेर पडलेल्याला पोलिसांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावणे कोणत्या कलमात बसत होते?

म्हणून सगळेच कायदे मोडीत काढावेत असे नव्हे. एसटीत शेजाऱ्याच्या विडीचा धूर गिळत प्रवास केलेली पिढी अजून हयात आहे. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान थांबवायला सांगितले, तेव्हा ओढणाऱ्याची विडी कोणी हिरावून घेतली नाही; शेजाऱ्याचा श्वास त्याला परत मिळाला. हेल्मेटसक्तीचे भांडण जरा अवघड. ‘डोके माझे आहे, मी बघून घेईन’ या पुणेरी युक्तिवादात दम आहे. पण डोके फुटल्यावर ते एकट्याचे राहत नाही, घरच्यांची चार वर्षे त्यापाठी जातात. तरीही मी म्हणेन की दंडाची पावती फाडणाऱ्याने आधी रस्त्यातला खड्डा बुजवावा.

कायदा खालून वरही जाऊ शकतो. आपल्या गावांतून बायका मागणी करतात आणि दारूच्या दुकानासाठी मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पिणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर ही गदा आहेच. पण त्या स्वातंत्र्याची किंमत जी रोज मोजते, तिला इथे विचारले जाते, मते मोजली जातात आणि निकाल सगळ्यांसमोर लागतो.

अर्थात गावाने ठरवले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. हागणदारीमुक्तीसाठी पहाटे निघणारी गुड मॉर्निंग पथकेही गावातच फिरत होती. शिट्ट्या वाजवून, फोटो काढून ज्यांना लाजवले गेले, त्यातल्या अनेकांच्या घरी संडासाला जागा नव्हती, नाहीतर पाणी. आधी सोय, मग सक्ती, हा क्रम उलटला की आरोग्याचा कायदा गरिबाच्या अब्रूवर येतो.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच निकालात लोकांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधने घालायला सरकारला मोकळीकही ठेवली. हे दोन्ही एकत्र नांदू शकते. अट एवढीच की बंधनाला मुदत हवी, त्यामागचे कारण लोकांच्या भाषेत सांगितलेले हवे आणि चुकलेल्या अधिकाऱ्याला जाब विचारण्याची सोय त्याच कायद्यात हवी. पुढची साथ येईल तेव्हा आपण घाबरलेले असू आणि घाबरलेला माणूस कशावरही सही करतो. तेव्हा आरोग्याचा कोणताही नवा कायदा समोर आला की त्याचा गोड हेतू नंतर वाचा. आधी त्यातले चौथे कलम शोधा.