बापूजी अणे, राजीनामा आणि चिमूर

१७ फेब्रुवारी १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून तीन भारतीय सदस्य बाहेर पडले: होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपल्या वणीचे माधव श्रीहरी अणे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण चालू होते आणि व्हाइसरॉय लिनलिथगो त्यांना सोडायला तयार नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात लोकनायक बापूजी अण्यांची आठवण निघाली की हा राजीनामा त्यागाचा दाखला म्हणून सांगतात, आणि तो त्याग होताच. तरी मला वाटते, सत्तेत बसलेल्या माणसाची नीती तो आत का गेला यावरून थोडीच कळते. तो कोणत्या प्रश्नावर उठला आणि कोणता प्रश्न समोर असताना बसून राहिला, यावरून ती जास्त कळते. बापूजींचे सार्वजनिक आयुष्य या कसोटीला लावून पाहण्याजोगे आहे, कारण त्यात दोन्ही गोष्टी ठळकपणे घडल्या.

आधी त्यांच्या आत जाण्याविषयी. १८८० साली वणीला जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले बापूजी टिळकांचे अनुयायी. मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे, उरलेल्यासाठी भांडत राहावे, सरकार जसे वागेल तसे त्याच्याशी वागावे, हे टिळकांचे प्रतियोगी सहकारितेचे सूत्र त्यांनी मनापासून मानले. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२५ मध्ये मध्य प्रांत सरकारात पद घेतले आणि स्वराज्य पक्षात वादळ उठले, तेव्हा जयकर, केळकर, मुंजे यांच्याबरोबर अणेही प्रतियोगी सहकारवाद्यांच्या बाजूला उभे राहिले. पण हाच कायदेमंडळवादी माणूस १९३० च्या जुलैत पुसदला राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडतो आणि तुरुंगात जातो. किनारा नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह जंगलात न्यावा लागला होता. चराई, सरपण, गवत या रोजच्या गरजांवर सरकारी कुंपण पडले होते आणि ते दुःख पुसदच्या शेतकऱ्याला मिठापेक्षा जवळचे होते. वकिलाने उघड कायदा मोडायचा म्हणजे आपली सनद आणि पोटापाण्याचा धंदा पणाला लावायचा. सभागृहात बसण्यावर ज्याचा विश्वास होता, त्यालाच सभागृह पुरे पडत नाही हे कळले तेव्हा उठता आले. म्हणून त्यांचे आत जाणे मला संधिसाधूपणाचे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पुसदचा सत्याग्रही १९४१ मध्ये परक्या राजाच्या प्रतिनिधीच्या मंडळात गेलाच कसा. काँग्रेसची माणसे तेव्हा वैयक्तिक सत्याग्रह करून तुरुंग भरत होती. हा आक्षेप हलका नाही. पण बापूजींनी आपली वाट लपवली नव्हती. सत्तेच्या जागा परक्यांच्या हाती मोकळ्या सोडू नयेत हे ते पंधरा वर्षे उघड मांडत आले होते. शिवाय त्या विस्तारित मंडळात प्रथमच भारतीयांची संख्या इंग्रजांहून जास्त झाली होती आणि सरकार ती गोष्ट जगाला अभिमानाने सांगत होते. उपोषण चालू असताना त्यातले तिघे उठून गेल्यावर त्या दाव्यातला पोकळपणा उघडा पडला. बाहेर राहिलेल्याला असा राजीनामा देता आला नसता.

खरा जड आक्षेप पुढचा आहे आणि तो वर्धा नदीच्या पलीकडून येतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूरला जमाव आणि पोलिस यांच्यात संघर्ष झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात शिरलेल्या सैन्याने आणि पोलिसांनी घरे लुटली आणि स्त्रियांवर अत्याचार केले, असे त्या स्त्रियांनीच सांगितले. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिल्लीला गेले आणि बापूजींना भेटले. तुम्ही चिमूरला चला, चौकशी करवा, एवढेच त्यांचे मागणे होते. बापूजींनी असमर्थता दर्शवली. भन्साळींनी त्यांच्याच निवासस्थानी उपोषण आरंभले. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला परत पाठवले. ते उपोषण १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस चालले. म्हणजे भन्साळींचे उपोषण सुटल्यावर महिन्याभराने गांधीजींचे सुरू झाले, आणि बापूजींनी राजीनामा दिला तो या दुसऱ्या उपोषणात. त्यांची बाजू घ्यायची तर घेता येते. त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते होते, पोलिस नव्हते, सैन्य तर नव्हतेच. एकट्याने चिमूर गाठून सरकारी यंत्रणा हलली असती असेही नाही. पण या युक्तिवादाने माझे समाधान होत नाही. वकील आपल्या अशिलाचे वकीलपत्र हातात असेपर्यंत त्याला बांधलेला असतो, आणि लढणे अशक्य झाले तर त्याने ते परत करायचे असते. चिमूरच्या बायांनी बापूजींना वकीलपत्र दिले नव्हते हे खरे, पण भारतीयांच्या वतीने आपण आत बसलो आहोत हीच तर त्यांच्या पदाची सबब होती. मग त्या बायाही त्यांच्याच अशील ठरतात. चौकशी करवता येत नाही हे कळले त्या दिवशी राजीनाम्याचे कारण तयार झाले होते. ते महात्म्याच्या जिवासाठी वापरले गेले. ज्यांची नावे वर्तमानपत्रांत यायची नव्हती, त्यांच्यासाठी वापरले गेले नाही. बापूजींविषयी पूर्ण आदर ठेवून हे म्हणायला हवे, आणि वणी-यवतमाळच्या माणसांनी तर आवर्जून म्हणायला हवे.

आपण उठलो तर आपल्या जागी याहून वाईट माणूस येईल, असे अशा वेळी प्रत्येक पदाधिकारी स्वतःला सांगतो. कधीकधी ते खरेही असते. पण या कारणाला शेवट नसतो, ते आज लागू पडते तसे उद्याही पडते, आणि कोणत्याही अन्यायापुढे पुरते. म्हणून आत जाणाऱ्याने अमुक घडले तर मी बाहेर, ही रेषा आत जाण्यापूर्वी आखून ठेवायला हवी. बापूजींची रेषा उशिरा दिसली, तरी ती होती. राजीनाम्यानंतर त्याच वर्षी त्यांनी सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक स्वीकारली, हेही टीकाकार पुढे करतात. तिथल्या भारतीय मळेमजुरांच्या हक्कांचे काम आणि दिल्लीत बसून दडपशाहीची जबाबदारी वाटून घेणे यांत मी फरक करतो. तरी त्यामुळे राजीनाम्याची धार थोडी बोथट झाली, हे नाकारत नाही.

आजच्या आमदाराला ही रेषा आखणे अधिक कठीण आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिपविरुद्ध मत दिले तर जागा जाऊ शकते. २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांशांच्या फुटीची सवलत गेली, दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहिली. सदसद्विवेकाला स्मरून एकटा उठणारा पद गमावतो, हिशेब करून घोळक्याने उठणारा ते राखतो. पण एकट्याला एक दार कायद्याने बंद केलेले नाही. बापूजींचा १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून काँग्रेसशी मतभेद झाला. त्यांची ती भूमिका कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ते काँग्रेसच्या नावावर निवडून येऊन मग फिरले नाहीत. मालवीयांबरोबर काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला, त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच नावाने वऱ्हाडातल्या मतदारांपुढे उभे राहिले, आणि त्यांच्याकडून होकार घेऊन मगच मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन बसले.