सारथ्याचा देह

कठोपनिषदाने देहाला रथ आणि बुद्धीला सारथी कल्पिले. परंतु त्या रूपकातील सारथ्याला दुखणारी पाठ नाही, की झोपेने जड होणारे डोळे नाहीत. मुंबईहून बंगळूरकडे माल घेऊन निघालेला आणि मध्यरात्री खंबाटकीचा घाट चढणारा ट्रकचालक मात्र या दोहोंपासून क्षणभरही मुक्त नसतो. आहार आणि निद्रा यांचे प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि ते सांगणारा स्वतः सारथ्य पत्करून रथावर बसला होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पण माल पोहोचविण्याची मुदतच ज्याच्या निद्रेवर अंमल गाजविते, ढाब्यावरील तेलकट जेवण आणि तंबाखू हेच ज्याचे जागरणाचे साधन, त्याला असंयमी ठरविण्याचा अधिकार कोणाला? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा आणि ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तजवीज केली होती. तथापि सामान्यतः ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरतीच ती होती. एकुलत्या गाडीचा मालक स्वतःच चालक असतो, तेव्हा त्याला विश्रांतीचा हुकूम देणारा कोणीच उरत नाही. उरतो तो कर्जाचा हप्ता.