मधला पट्टा

भाजलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत आणलं की डॉक्टर विचारतात, "किती वाजता भाजलं?" घाबरलेल्या नातेवाइकांना हा प्रश्न कोरडा वाटतो. पण सलाइनचा हिशेब त्या घटकेपासून सुरू होतो, दवाखान्याच्या दारापासून नव्हे. चार्ल्स बॅक्स्टर यांनी डलासच्या पार्कलंड रुग्णालयात बसवलेल्या सूत्राप्रमाणे ६० किलो वजनाच्या, ४० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत ९,६०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट लागतं. त्यातलं निम्मं भाजल्यापासून आठ तासांच्या आत. वाटेत तीन तास गेले असतील तर ते उरलेल्या पाचांत बसवायचं. हल्ली सुरुवात बरेचदा याहून कमीने करतात आणि लघवी किती होते ते पाहून धार कमीजास्त करतात. टक्के मोजायला माप रुग्णाच्याच अंगावर असतं: त्याचा तळहात, बोटांसकट, साधारण एक टक्का.

खोली ओळखणं मात्र अवघड. लालसर, ओलसर, दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा रंगणारी, हात लावू न देणारी कातडी जिवंत असते. पांढरट, चामड्यासारखी, टाचणी टोचली तरी न कळणारी कातडी मेलेली. तिथले मज्जातंतूच जळून गेलेले असतात. म्हणून ८० टक्के भाजलेली बाईसुद्धा पहिले काही तास शुद्धीवर असू शकते, पाणी मागते, मुलांची चौकशी करते. बाहेर भाऊ म्हणतो, "बोलतेय ना, म्हणजे वाचेल." आत तिची मृत्युपूर्व जबानी नोंदवली जात असते आणि ती बोलण्याच्या अवस्थेत आहे, असा दाखला डॉक्टर देत असतो. 'स्टोव्हचा भडका उडाला' या आपल्या ओळखीच्या वाक्याची कितीतरी प्रकरणं याच तासांवर उभी राहिली किंवा कोसळली. वेदना नको म्हणून आपण जन्मभर धडपडतो. इथे ती नसली की जाणत्याच्या पोटात गोळा येतो.

बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. मध्यभागी मेलेला, कडेला नुसता लाल झालेला, आणि या दोहोंमध्ये रक्त साकळत चाललेला, अजून कुठल्याच बाजूला न गेलेला. माझ्या मते तातडीचा सगळा उपचार या मधल्या पट्ट्यासाठी असतो. नळाचं गार पाणी २० मिनिटं सोडायचं ते त्याच्यासाठी. बर्फ नको, कारण आक्रसलेल्या रक्तवाहिन्या त्याचं उरलंसुरलं रक्तही तोडतात. टूथपेस्ट, शाई, हळद यांनी फक्त घरच्यांचं समाधान होतं आणि डॉक्टरला खालचं काही दिसत नाही.

हिमदंशातही असा पट्टा असतो. १८१२ साली रशियातून माघार घेताना नेपोलियनचे शल्यवैद्य लॅरे यांनी पाहिलं, की शेकोटीवर हात धरणाऱ्या सैनिकांचं बधिर मांस भाजतं आणि दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीत पुन्हा गोठतं. निरीक्षण चोख होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे बर्फाने चोळा, सावकाश ऊब द्या, हा चुकीचा निघाला. तरी शंभरावर वर्षं तो चालला. आज ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवतात, मऊ आणि लाल होईपर्यंत. गोठलेलं बोट लाकडासारखं मुकं असतं, पण वितळताना रुग्ण किंचाळतो, त्यामुळे वेदनाशामक आधीच द्यावं लागतं. पुन्हा गोठण्याचा धोका असेल तर मात्र वितळवायचंच नाही.

पुढे दोघांच्या वाटा फुटतात. खोल भाजलेल्या जागी वाट पाहणं महागात पडतं. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ चकत्यांनी कापत जावं. बारीक रक्तबिंदू दिसू लागले की थांबावं आणि तिथेच त्वचारोपण करावं. हिमदंशात सुरी आवरायची. 'जानेवारीत गोठलं, जुलैत कापा' ही त्या शास्त्रातली जुनी म्हण आहे. अमेरिकेत २०२४ साली हिमदंशासाठी मंजूर झालेलं आयलोप्रॉस्ट रक्तवाहिन्या मोकळ्या करून बोटं वाचवू पाहतं, पण तेही लवकर मिळालं तर. एरवी जंतुसंसर्ग नसेल तर आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग करत राहायचं आणि काळं पडलेलं बोट अजून का ठेवलंय, हे रुग्णाला रोज नव्याने समजावायचं.