चुकणाऱ्याचे हक्क

लोकशाहीच्या जागतिक प्रसाराची मीमांसा करताना अर्थव्यवस्था, मध्यमवर्ग आणि महासत्तांचे राजकारण यांचा परामर्श घेतला जातो; परंतु सॅम्युअल हंटिंग्टन यांनी १९९१ च्या ग्रंथात जिला ‘तिसरी लाट’ म्हटले, त्या १९७४ मध्ये पोर्तुगालपासून सुरू झालेल्या आणि दीड दशकात स्पेन, लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स व पोलंडपर्यंत पोहोचलेल्या सत्तांतरांच्या मालिकेतील बहुसंख्य देश कॅथलिक होते, ही बाब धर्मचिंतनाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे.

याच कॅथलिक चर्चने एकोणिसाव्या शतकात लोकशाहीमागील स्वातंत्र्याच्या विचाराला कठोर विरोध केला होता. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ मध्ये सद्सद्विवेकाच्या, म्हणजे अंतःकरणाला पटेल तसे मानण्याच्या, स्वातंत्र्याचा निषेध केला. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐंशी चुकीच्या मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याचाही समावेश होता. सत्य एकच असल्यामुळे असत्याला कोणतेही हक्क असू शकत नाहीत, असा या भूमिकेमागील सिद्धांत होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा स्वीकारली, तेव्हा सत्य एकच आहे ही श्रद्धा तिने सोडली नाही; तथापि हक्क मताला नसतात, माणसाला असतात, आणि माणसाची प्रतिष्ठा त्याचे मत चुकीचे असले तरी नष्ट होत नाही, हे तत्त्व तिने मान्य केले. या घोषणेच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूंना याच विषयावरील लेखन काही वर्षे थांबवावे लागले होते.

या बदलाचा राजकीय अर्थ खोल होता, कारण लोकशाहीचेही अधिष्ठान हेच आहे: निवडणुकीत हरलेला पक्ष विजेत्यांच्या दृष्टीने चुकीचा असतो, तरीही त्याचे नागरिकत्व, त्याची वाणी आणि पुढच्या वेळी जिंकण्याची त्याची संधी अबाधित राहते. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर कार्डिनल राऊल सिल्वा हेन्रिकेझ यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने, बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना त्यांचा पक्ष वा श्रद्धा न विचारता कायदेशीर साह्य दिले. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल हाइमे सिन यांच्या रेडिओवरील आवाहनानंतर मनिलाच्या रस्त्यांवर जनसागर उसळला आणि हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना देश सोडावा लागला. अर्जेंटिनात मात्र अनेक वरिष्ठ धर्मगुरूंनी लष्करी राजवटीशी जुळवून घेतले. म्हणजे सिद्धांत बदलला तरी तो आचरणारी माणसे लागतातच.

लोकशाहीच्या अलीकडच्या पीछेहाटीत हेच तत्त्व मागे पडताना दिसते. हंगेरीत २०१० मध्ये सुमारे ५३ टक्के मतांवर दोन-तृतीयांशांहून अधिक जागा मिळवलेल्या सत्ताधाऱ्यांनी पुढच्याच वर्षी केवळ आपल्या मतांवर नवे संविधान संमत केले आणि त्याच्या प्रास्ताविकेत राष्ट्ररक्षणातील ख्रिस्ती धर्माच्या भूमिकेचा गौरव केला. पोलंडमध्ये २०१५ नंतर संविधान न्यायाधिकरणातील नियुक्त्यांवरून संघर्ष पेटला, तेव्हा धर्मगुरूंचा एक प्रभावी गट सत्ताधाऱ्यांच्या जवळ होता. निवडणुका दोन्ही देशांत होत राहिल्या, परंतु धर्म हा प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचा आधार न राहता बहुसंख्याकांच्या ओळखीची खूण बनू लागला आणि विरोधक हा चुकणारा नागरिक न ठरता राष्ट्राला परका ठरू लागला.

श्रद्धा दृढ असेल तर सहिष्णुता शक्य नाही, असे अनेकांना वाटते. परंतु बळजबरीने कबूल करवलेले सत्य ही श्रद्धाच नव्हे, म्हणून विवेकाचे स्वातंत्र्य ही धर्माचीही गरज आहे. धर्म लोकशाहीचा आधार होईल की तिच्या ऱ्हासाचे साधन, हे त्याचे अनुयायी किती आहेत यावर अवलंबून नाही. ज्याला ते चुकीचा मानतात त्याच्या हक्कांसाठी ते उभे राहतात की नाही, यावरच ते ठरते.